काठी कोणत्या हातात धरायची?

नाशिकला पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई राहतात. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. मागच्या खेपेला भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या उजव्या खुब्याचे ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. लोकांच्या बोलीत सांगायचे तर त्यांनी 'बॉल बदलून घेतला' होता. जखम भरली होती, एक्स-रे उत्तम होता, डॉक्टर समाधानी होते. बाई मात्र समाधानी नव्हत्या.

"अरे, ऑपरेशन झालं उजव्या खुब्याचं, आणि रात्री जाग येते ती डावा ठणकतो म्हणून," त्या म्हणाल्या. "चार पावलं चालले की दमते. पैसे फुकट गेले असं वाटायला लागलंय. डावाही बदलावा लागेल म्हणतात. पहिल्याचा हा असा अनुभव आल्यावर दुसऱ्याला कशाला हात लावायचा?"

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "व्यायाम शिकवायला येते ती मुलगी सांगते, काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरा. म्हणजे डाव्या. शेजारच्या काकू म्हणतात, दुखतं त्या बाजूला धरा. आता दुखतो डावा, म्हणजे पुन्हा डाव्याच हातात! पण मग तिच्या नियमाने डाव्या खुब्यासाठी काठी उजव्या हातात हवी. तू एवढा डॉक्टर झालास, सांग बघू."

माझ्या नावामागचा 'डॉक्टर' पीएच.डी.चा आहे, औषधे देणाऱ्याचा नव्हे. हे बाईंनाही ठाऊक होते. पण प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता आणि तो विज्ञानाच्या बाईंनी विचारला होता, म्हणून टाळता आला नाही. उत्तर शोधताना खुब्याच्या सांधेरोपणाचा इतिहास वाचत गेलो. बाईंची जी अडचण होती, तीच या इतिहासातही मोठ्या माणसांना पडली होती, असे आढळले.

एका पायावरचा तराजू

खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. दोघांवरही गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. हे अस्तर झिजले किंवा आतला गोळाच बसला, की हाडावर हाड घासते आणि वेदना सुरू होतात.

आता चालण्याकडे पाहू. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. समजा, ६० किलो वजनाची व्यक्ती उजव्या पायावर उभी आहे. उजव्या पायाचे साधारण १० किलो वजा केले तर उरलेले ५० किलो उजव्या खुब्यावर तोलायचे आहेत. पण हे वजन बरोबर खुब्यावर येत नाही. ते शरीराच्या मध्याकडे, खुब्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आत येते. त्यामुळे कंबर डावीकडे कलंडू पाहते. तिला सावरतात ते खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. हे स्नायू खुब्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात.

ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. खुबा हा टेकू, एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला स्नायूंचे बल. ५० गुणिले १० म्हणजे ५००. बलभुजा ५ सेंटिमीटर, म्हणून स्नायूंना १०० किलो वजनाइतके बल लावावे लागते. टेकूवर दोन्हींची बेरीज येते, म्हणजे १५० किलो. ६० किलोच्या माणसाचा खुबा प्रत्येक पावलाला दीडशे किलो सोसतो! पुढे कृत्रिम सांध्यातच मापक यंत्रे बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. साधे चालताना तो वजनाच्या अडीचपटीच्या आसपास आढळला. अडखळताना तो आठ पटींपर्यंत गेल्याचीही नोंद आहे.

हे स्नायू दुबळे झाले तर काय होते, ते जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली दाखवले. रोगी दुखऱ्या पायावर उभा राहिला की त्याची कंबर दुसऱ्या बाजूला खाली जाते. पुष्कळ रोगी मग चालताना धड दुखऱ्या पायाकडे झुकवतात. आपण त्याला लंगडणे म्हणतो, पण तो शरीराने आपला आपण शोधलेला उपाय आहे. धड झुकले की भारभुजा १० वरून ५ सेंटिमीटरवर येते आणि खुब्यावरचा दाब १५० वरून १०० किलोवर उतरतो. करून पाहा.

१९३५ साली आखेनच्या फ्रीडरिश पाउव्हेल्स यांनी हे गणित नीट मांडले. त्यातून काठीचे उत्तरही निघते. दुखरा खुबा उजवा असेल आणि काठी डाव्या हातात असेल, तर काठी खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर पडते. तिच्यावर फक्त ५ किलोचा जोर दिला तरी ५ गुणिले ४०, म्हणजे २०० एवढे ओझे तराजूतून कमी होते. उरतात ३००. स्नायूंना १०० ऐवजी ६० किलोचे बल पुरते आणि खुब्यावरचा दाब १०५ किलोवर येतो. हाताचे ५ किलो आणि खुब्याची बचत ४५ किलो! हे हिशेब सोपे करून मांडलेले आहेत. प्रत्यक्ष मोजमापात बचत याहून कमी भरते, पण दिशा तीच राहते. काठी दुखऱ्याच बाजूला धरली तर लांब भुजेचा हा फायदा मिळत नाही. १९५६ साली अमेरिकेतील वॉल्टर ब्लाउंट यांनी या विषयावर एक लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना बजावले, की काठी फेकून देऊ नका.

म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचे बरोबर होते आणि काकूंचे चूक. पण बाईंचा प्रश्न तसाच राहिला. या सगळ्या गणितात एक पाय दुखरा आणि दुसरा धडधाकट, असे गृहीत धरले आहे. दोन्ही दुखरे असले तर?

हस्तिदंत, काच, पोलाद

झिजलेला सांधा बदलण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने खराब झालेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंताचे सांधे बसवले. त्यांत जंतुसंसर्ग झाला आणि तो प्रयत्न मागे पडला. १९२३ साली बॉस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांना एका रोग्याच्या पाठीत काचेचा तुकडा सापडला. भोवती शरीराने गुळगुळीत आवरण तयार केले होते. त्यावरून त्यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी बसवून पाहिली. काच फुटू लागली. शेवटी १९३८ साली कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू हाती आला आणि टोपी टिकली. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी वाटी आणि गोळा दोन्ही पोलादाचे बसवले. १९४६ मध्ये पॅरिसच्या जुदे बंधूंनी ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा वापरला. तो लवकर झिजत असे.

हस्तिदंताची गोष्ट मात्र संपली नव्हती. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात डॉ. सान बॉ यांनी १९६० साली ८३ वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा गोळा बसवला. पुढच्या दोन दशकांत अशा तीनशेहून अधिक शस्त्रक्रिया त्यांच्याकडे झाल्या. परदेशी धातूचे सांधे महाग होते, हस्तिदंत देशात मिळत होता.

झिजणारे प्लॅस्टिक आणि कापडगिरणीचे चाक

आज जगभर होणाऱ्या शस्त्रक्रियेचे मूळ मात्र इंग्लंडमधल्या रायटिंग्टन येथे आहे. हे पूर्वीचे क्षयरोग्यांचे रुग्णालय. जॉन चार्न्ली यांनी १९६१ मध्ये तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र सुरू केले. चार्न्ली यांचा पिंड अर्धा शल्यचिकित्सकाचा आणि अर्धा यंत्रकाराचा होता. नैसर्गिक सांध्यातले घर्षण मोजल्यावर ते बर्फावरून घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. शरीरातले वंगण कृत्रिम सांध्याला तसे उपयोगी पडणार नाही, म्हणून पदार्थच निसरडा हवा, असा त्यांनी विचार केला आणि टेफ्लॉनची वाटी निवडली.

गोळा मात्र त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा केला. कारण पुन्हा तरफच. घर्षण जितक्या लहान त्रिज्येवर, तितके वाटीला फिरवून सैल करणारे आघूर्ण कमी. वाटी जास्त आत बसवून भारभुजा कमी करायची आणि स्नायू जोडलेला हाडाचा उंचवटा बाहेर सरकवून बलभुजा वाढवायची, हेही त्यांच्या पद्धतीत होते. शाळेत शिकवलेली तरफ त्यांनी हाडात कोरली म्हणा ना! गोळा आणि वाटी हाडात बसवण्यासाठी त्यांनी दातांच्या कामात वापरले जाणारे ॲक्रिलिक सिमेंट घेतले.

सुरुवातीचे रोगी आनंदाने चालू लागले. पण एक-दोन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले, त्याच्या कणांनी भोवतालचे हाड खराब होऊ लागले. सुमारे ३०० जणांमध्ये ते बसवलेले होते. यांतले अनेक सांधे चार्न्ली यांनी स्वतः पुन्हा उघडले. नव्या प्लॅस्टिकचा तुकडा स्वतःच्याच मांडीत ठेवून शरीर त्याला कसा प्रतिसाद देते, हे पाहण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

उत्तर आले ते कापडगिरण्यांतून. १९६२ च्या मे महिन्यात त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांना एका विक्रेत्याने एका प्लॅस्टिकचा नमुना दिला. मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे ते पॉलिएथिलीन होते. चार्न्ली यांनी नमुना पाहून नाक मुरडले. क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढाही तो झिजला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रोग्याला बसवली गेली. याच शस्त्रक्रियेला 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली शतकातली शस्त्रक्रिया म्हटले.

ए, बी आणि सी

टेफ्लॉनच्या अनुभवाने पोळलेले चार्न्ली पुढे निकालांच्या बाबतीत फार काटेकोर झाले. आणि इथेच दुसरा खुबा इतिहासात येतो.

प्रश्न असा होता, की शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे ठरवायचे कशावरून? त्यांनी वेदना, सांध्याची हालचाल आणि चालणे, या तिन्हींना प्रत्येकी सहापैकी गुण द्यायची पद्धत वापरली. वेदना आणि हालचाल ही त्या एका सांध्याची. पण चालणे कोणाचे? चालणारा सांधा नसतो, चालणारा माणूस असतो. एक खुबा उत्तम बदलला आणि दुसरा गंजलेल्या बिजागरीसारखा असला, तर त्या माणसाला चालण्यात कमीच गुण मिळणार. तो दोष नव्या सांध्याचा नव्हे. शिक्षकांना हे सहज पटेल. दोघांनी मिळून केलेल्या प्रकल्पात एकच जण आजारी पडला, तर प्रकल्पाच्या गुणांवरून दुसऱ्याची पारख करता येत नाही.

म्हणून १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निकालांत चार्न्ली यांनी रोग्यांचे तीन गट पाडले. एकच खुबा खराब, बाकी सर्व ठीक, तो गट ए. दोन्ही खुबे खराब, तो गट बी. हृदय, फुप्फुसे, इतर सांधे अशा दुसऱ्या कशाने तरी चालणे रोखले गेले आहे, तो गट सी. चालण्यातील सुधारणा पाहायची ती ए गटात, आणि बी गटातल्या दोन्ही खुबे बदललेल्यांत. एक खुबा बदललेला आणि दुसरा दुखरा, अशा मधल्या अवस्थेतल्या माणसाच्या चालण्यावरून शस्त्रक्रियेला ना पास करायचे ना नापास. पुढच्या संशोधकांनी तर बी गटाचेही दोन भाग केले, दुसरा खुबा अजून खराब असलेले आणि तोही बदलून झालेले.

आमच्या बाई बी गटातल्या होत्या आणि स्वतःची परीक्षा ए गटाच्या मोजपट्टीने घेत होत्या.

आपल्याकडे हा बी गट लहान नाही. पाठीचा कणा ताठ करणाऱ्या संधिवातात तरुण वयातच दोन्ही खुबे आखडतात. रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा गोळा बसण्याच्या विकारात, अपघाताचे कारण नसेल तर, निम्म्याहून अधिक रोग्यांत दोन्ही बाजूंना त्रास होतो. स्टेरॉइड औषधे, अति मद्यपान आणि आदिवासी भागांत आढळणारा सिकल सेलचा विकार ही त्याची काही कारणे. २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनानंतर असा त्रास झालेल्या तीन तरुण रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली होती. करोनाच्या उपचारात त्यांना स्टेरॉइड दिलेले होते.

त्यात आपली बसण्याची रीत वेगळी. पाटावर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, खाली बसायचा संडास, यांत खुबा फार वाकतो, आणि शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काळात जास्त वाकलेला नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. इंग्लंडमधल्या रोग्याला जी अडचण क्वचित येई, ती इथल्या रोग्यासमोर रोज सकाळी उभी असते. मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांच्यासारख्या भारतातल्या आद्य सांधेरोपण तज्ज्ञांना इंग्लंडमधली शस्त्रक्रिया या राहणीशी जुळवून घ्यावी लागली.

एकदम की एकामागून एक?

दोन्ही खुबे खराब असतील तर दोन्ही एकाच वेळी का बदलू नयेत? हा प्रश्नही चार्न्ली यांना पडला होता. १९७१ साली जाफी आणि चार्न्ली यांनी एकाच वेळी दोन्ही खुबे बदललेल्या ५० रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकच भूल, एकच मुक्काम, आणि चालायला शिकताना दुसऱ्या पायाची आडकाठी नाही, हे त्याचे फायदे. रक्तस्राव जास्त आणि हृदय व फुप्फुसांवर ताण जास्त, हे तोटे. म्हणून निवडक, प्रकृतीने दणकट रोग्यांतच ते केले जाते. वय झालेल्यांना बहुधा एकामागून एक हाच मार्ग सुचवला जातो.

खुब्याचे नव्हे, गुडघ्यांचे एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. मधले आठ महिने देशाचे पंतप्रधानही एक नवा आणि एक जुना सांधा घेऊन वावरत होते.

मधले दिवस

हे मधले दिवस कसे काढायचे, हाच बाईंचा खरा प्रश्न होता. वैद्यकीय सल्ला ज्याचा त्याला आपल्या डॉक्टरांनी द्यायचा, पण त्यामागचे विज्ञान समजून घ्यायला हरकत नाही.

पहिले काही आठवडे नव्या सांध्याच्या भोवतीचे स्नायू आणि जखम सावरत असतात. त्या काळात जास्त भार दुसऱ्या पायावर जातो. तो आधीच झिजलेला, म्हणून तो ओरडतो. बाईंचा डावा खुबा ठणकत होता तो उजवा फसला म्हणून नव्हे, तर उजव्याचीही पाळी तो करत होता म्हणून. अशा रोग्याला सुरुवातीला काठीऐवजी वॉकर किंवा दोन कुबड्या देतात, कारण मग दोन्ही खुब्यांचा भार हातांवर वाटला जातो. बाईंनी वॉकर लवकर सोडला होता. "म्हातारी दिसते रे त्याने," असे त्यांचे म्हणणे.

दुसरी तक्रार, उजवा पाय लांब झाल्याची. झिजलेला खुबा थोडा आखूड होतो. उजव्याची उंची पूर्ववत झाली आणि डावा आखूडच राहिला, की फरक जाणवतो. डावीकडच्या चपलेला थोडी जाड टाच लावून तो तात्पुरता भरून काढता येतो. दुसरा खुबा बदलताना उंची जुळवून घेता येते.

तिसरे जिन्याचे. व्यायाम शिकवणारे सांगतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना वरचा पाय सगळे शरीर उचलतो, आणि उतरताना मागे राहिलेला पाय शरीराला हळूहळू खाली सोडतो. दोन्ही वेळा कष्टाचे काम चांगल्या पायाकडे जाते. बाईंनी लगेच विचारले, "माझा चांगला कोणता?" मी म्हटले, "बाई, आज तुम्हीच ठरवा कोणता जास्त भरवशाचा. पण काही आठवड्यांत उत्तर बदलणार आहे."

आणि ते बदलले. तीन महिन्यांनी पुन्हा नाशिकला गेलो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. काठी उजव्या हातात होती. आधी ती डाव्या हातात असे, ऑपरेशन झालेल्या उजव्या खुब्यासाठी. उजवा आता बिनतक्रार भार घेत होता, म्हणून काठी डाव्याच्या मदतीला विरुद्ध हातात गेली होती. शेजारच्या काकूंना हे अजून चूक वाटते.

"उंबरठा चढताना आता उजवा आधी टाकते," बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वी तोच नको म्हणत होता." दुसऱ्या ऑपरेशनची तारीख त्यांनी अजून घेतलेली नव्हती, पण डॉक्टरांना भेटून आल्या होत्या. वणीच्या सप्तशृंगीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या आता चढायच्या नाहीत, २०१८ पासून गडावर रुळांवरची ट्रॉली आहे तिने जायचे, असेही ठरले होते. "पण गोदावरीच्या घाटावर पायी जायचंय," त्या म्हणाल्या.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक मीटरपट्टी घ्या. ५० सेंटिमीटरच्या खुणेला टेकू ठेवा. डावीकडे टेकूपासून १० सेंटिमीटरवर ५०० ग्रॅमचे वजन टांगा. उजवीकडे ५ सेंटिमीटरवर ताणकाटा अडकवून पट्टी आडवी राहीपर्यंत खाली ओढा. तो किती दाखवतो ते लिहा. आता डावीकडे ४० सेंटिमीटरवर दुसऱ्या ताणकाट्याने पट्टी ५० ग्रॅमइतकी वर उचलून धरा. ही झाली काठी. पहिला काटा आता किती दाखवतो? टेकूवरचा एकूण भार दोन्ही वेळा काढा. मग वजन १० ऐवजी ५ सेंटिमीटरवर टांगून, काठीशिवाय, पुन्हा मोजा. हे लंगडणे.

शेवटी मुलांना विचारा, की माणसाचे दोन्ही खुबे दुखत असतील तर प्रत्येक पावलाला हा टेकू एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जाईल. अशा वेळी एकच काठी कोणत्या हातात द्याल, आणि का? उत्तरे वेगवेगळी येतील. 'जो खुबा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध' हे उत्तर कोणी दिले, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा. उद्या दुसरा जास्त दुखू लागला तर?